बर्फ पातळ. गेले नाही.

तार्तूमध्ये डिसेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
आमच्या नियतकालिकाचं कार्यालय म्हणजे
मत्स्यशास्त्र विभागाच्या जिन्याखालची खोली,
एक रेडिएटर, एक मी,
आणि वर्षाला चार अंक.

ऑक्टोबरात रीगाहून पत्र आलं होतं.
गिर्त्स नावाचा कुणी मुलगा, पीएचडीचं तिसरं वर्ष :
प्राध्यापक किविसिल्ड यांच्या लेखातले आकडे
माझ्या गणितात बसत नाहीत.
चूक माझीच असणार.
दीड वर्ष शोधतोय.

इतक्या हळू कुणी दार वाजवलं
की ऐकूच आलं नाही, असं म्हणायची सोय असते.
मी महिनाभर म्हटलं.

किविसिल्ड जाऊन चार वर्षं झालीत.
लेख पेइप्सी सरोवराचा. बावीस हिवाळे,
बर्फाखालचं पाणी दर आठवड्याला मोजलेलं,
एकही आठवडा गाळलेला नाही.
लोक नावाजायचे ते नेमकं हेच.

शेवटी बसने कोल्क्याला गेले.
त्यांच्यासाठी नमुने आणायची ती फेव्रोनिया
आता कांदे लावते.
लेखाच्या आभारातसुद्धा ती नाही.
चहा दिला, बशीत जाम दिला,
मग पलंगाखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा ओढला.
वह्या. पेन्सिलीनं लिहिलेल्या,
कारण शाई तिथं गोठते.

अकरा मार्च : बर्फ पातळ. गेले नाही.
अठरा मार्च : बर्फ पातळ. गेले नाही.
पंचवीस : काठालाच तडा. लेव्हॉनची घसरगाडी बुडाली. गेले नाही.

लेखात अकरा मार्चचं तापमान
शून्य पूर्णांक चार.
अठराचं शून्य पूर्णांक सहा.
पंचवीसचं शून्य पूर्णांक नऊ.
आज्ञाधारक पोरांसारखे
उंचीप्रमाणे उभे.

"मी सांगितलं होतं त्यांना," ती म्हणाली.
"ते म्हणाले, रिकामी चौकट पाहिली की ते लोक लेख परत पाठवतात."
ते लोक म्हणजे कोण, तिला माहीत नव्हतं.

त्या लेखाला दोन परीक्षक होते.
नावं गुप्त असतात.
त्यातल्या एकाचं मला अजून ठाऊक नाही.

दुसरीनं पहिल्या फेरीत लिहिलं होतं :
मालिकेत खंड आहेत. या स्वरूपात स्वीकारता येणार नाही.
सहा आठवड्यांनी लेख परत आला, खंड भरून.
एवढी मापं अचानक कुठून आली
हे तिनं विचारलं नाही.
संध्याकाळ होती, ओव्हनमध्ये मासा होता,
तिनं लिहिलं : लेखकाचं अभिनंदन.

शब्द मागे घेता येतो.
त्यावर रचलेलं दीड वर्ष घेता येत नाही.

प्रकाशकाकडे यासाठी छापील नमुना आहे.
'सदर लेख मागे घेण्यात येत आहे.'
येत आहे. जसं धुकं येतं,
कुणी न आणता.
मी खाली एक ओळ घातली, माझ्या नावानिशी.
कायदा विभागानं ती काढली : परीक्षण गोपनीय असतं.
मी पुन्हा घातली.
त्यांनी पुन्हा काढली, या वेळी जरा सौम्यपणे,
आजारी माणसाच्या हातातून सुरी घ्यावी तशी.
काल तिसऱ्यांदा घातली आहे.

गिर्त्सला वह्यांचे फोटो पाठवले.
त्यानं रात्रीतून नवा तक्ता मांडला,
रिकाम्या चौकटी रिकाम्या ठेवून.
खाली लिहिलं होतं, आता बसतंय.
आणि विचारलं होतं,
लेखकांत त्या बाईंचं नाव पहिलं घालू का,
त्याचं स्पेलिंग काय?

फेव्रोनियाला फोन केला.
कांदे विणत होती, हात मोकळा नव्हता,
नातवानं फोन तिच्या कानाला धरला.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली,
"नाव कशाबद्दल?
मी तर गेलेच नव्हते."