पंधरावा

महापे, तिसरा मजला, रात्रीचे पावणेदोन.
बंद हो म्हटलं की चौदा थ्रेड
गुपचूप चपला घालून निघतात.
पंधरावा बसून राहतो.
रोज नाही. विसांतून एकदा.
मी लॉगची एक ओळ घातली
की तोही मुकाट उठतो,
पाहुणे बघून पोर शहाणं व्हावं तसा.

मढवी वॉचमन किल्ल्या घेऊन दारात.
"झालं का मॅडम?"
एकजण निघत नाहीये, म्हटलं.
त्यांनी खुर्च्यांवरून बॅटरी फिरवली,
बाथरूमही बघून आले.

शेवटी डंपमध्ये सापडलं:
"चला" ही हाक
त्यानं कान लावण्याआधीच
होऊन गेली होती.
तेव्हापासून तो ऐकतोय.
इतकं मन लावून,
की मारून टाकायची लाज वाटली.

दुरुस्ती दीड ओळीची.
वाट बघत बसण्याआधी, कुलूप हातात असतानाच,
एकदा बघ: हाक झाली तर नाही ना?

दोनशे वेळा चालवलं. दोनशे वेळा बंद.

खाली मढवींनी वही पुढे केली,
जाण्याची वेळ लिहा म्हणाले.
वर मंगळवारच्या ओळीत
माझ्या नावापुढचा रकाना कोरा.
वहीच्या हिशोबी
मी अजून आतच.