पांढरी पाच, किंचित चढी

गावाचं नाव सूर. आपला अर्थ इथे कुणाला ठाऊक नाही.
गोदीत नवं गलबत वर्षाला एखादंच,
उरलेल्या सागाची आम्ही दारं करतो, पाळणे करतो.
एकदा एक पेटी केली.

शायनी सिस्टर आली होती. शुक्रवारी
तुमच्या खोलीतून भजन ऐकू येतं, म्हणाली,
आमच्या केंद्रातल्या एका मुलासाठी
वाजेल असं काहीतरी करून द्या.

यारूब, वय नऊ. उजवी मूठ जन्मापासून मिटलेली.
मी पट्ट्या रुंद केल्या, आणखी रुंद केल्या,
तरी मूठ दोन सुरांवर एकदम बसायची.
बोटं उघडतील, व्यायाम चालू आहे, डॉक्टर म्हणाले.
उघडतील तेव्हा उघडतील.
मी सुतार. लाकडातली गाठ मी सोडवत बसत नाही,
तिच्या कलाने रंधा फिरवतो.

रात्री चपातीचं पीठ घट्ट मळलं,
सकाळी डब्यातून नेलं, म्हटलं, मार!
काय मारलंन! डबा लवंडला,
त्याची बहीण बुथैना हसून हसून खाली बसली.
पिठातला तो खड्डा माझ्या मापपट्टीहून खरा:
अंगठा आत, करंगळीचं हाड वर, उतार तिरका.
तशा पाच वाट्या कोरल्या. पाच सूर.
भाता बुथैनाच्या पायाखाली.

गोदीत वाजवली, गोड.
केंद्रात नेली. यारूबने मूठ टेकवली
आणि कच्चं कोकम चावल्यासारखं तोंड केलं.
दुसरा सूर, तेच तोंड.
परत आणली. पुन्हा गोड.
तीन आठवडे हे असं, टॅक्सीचे पैसे माझेच.

मग एक दिवस त्या खोलीत नुसता बसून राहिलो.
खिडकीतला जुनाट एसी घुमत होता.
इथे तो कुणाला ऐकू येत नाही,
जून महिन्यात स्वतःचा श्वास कुठे ऐकू येतो?
ओठ मिटून त्याच्यासोबत गुणगुणलो.
खर्जातली पांढरी पाच, किंचित चढी.
माझे पाचही सूर केसभर खाली.
पोरगा इतकी वर्षं या तंबोऱ्यात बसलाय,
आणि मी त्याच्यापुढे बेसूर पेटी घेऊन येतोय.

कानस काढली. पितळी जिभेचं टोक घासलं की
सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो.
उडालेला कीस नखावर मावला असता.
यारूबची मूठ वाटीत बसली.
सगळ्यात खालचा सूर एसीत इतका मिसळला
की वाजतोय की नाही कळेना,
म्हणून तो त्याने पुढे कधी वाजवलाच नाही.
बाकीचे चार पुरले. लाळ गळेपर्यंत हसायचा.

वर्षाने कुणा भल्या माणसाने
केंद्राला नवे एसी दिले, बिनआवाजाचे.
शायनीचा फोन आला: तो वाजवत नाही, ये.
खिशात कानस घालून गेलो.

खोलीत घड्याळ ऐकू येत होतं.
जुन्या एसीच्या भोकावर प्लायचा तुकडा ठोकलेला,
यारूब त्याच्याकडे बघत होता.
मी काही बोलणार, तेवढ्यात त्याची मूठ हलली,
चारही वाट्यांवरून सरपटत
शेवटच्या वाटीत जाऊन बसली.
आणि राहिली.
एकच सूर. उचललाच नाही.
आता दुसरा, शायनी हळूच म्हणाली.
त्याने ऐकलं नाही.

मी कानस बाहेर काढली नाही.
बुथैनाने भात्यावर दोनदा पाय बदलला.