घडी न मोडता

लहू दळवी मालिका पारखतो ती इस्त्रीवरून.
"ताई, ती बर्फातली बघू नका.
रात्रभर तळ्यात प्रेत शोधलं म्हणतो
आणि सकाळी कॉलरला एक सुरकुती नाही.
असला माणूस काय खुनी पकडणार?"

ऐरोली, सेक्टर सतरा. मीटरच्या खोलीला लागून
त्याचं टेबल, टेबलावर चार पदरी जुनी चादर,
कोळशाची इस्त्री,
आणि साबणाच्या खोक्याला टेकवलेला मोबाइल.
काच एका कोपऱ्यात तडकलेली.
"खुनी नेमका त्या तड्यामागं उभा असतो," म्हणतो,
"म्हणून मला शेवटपर्यंत कळत नाही."

मी वर, तिसऱ्या मजल्यावर. माझी आवड वेगळी.
मला म्हातारे तपासनीस आवडतात,
गुडघ्यावर हात ठेवून जिना चढणारे,
साक्षीदाराकडे आधी पाणी मागणारे.
लहूला हे पटत नाही.
"तुमचा म्हातारा चौथ्या भागापर्यंत नुसता चहाच पितो."
"अरे, पण मोरीत कप पाहिलेस? बाई एकटी राहते म्हणते,
आणि विसळलेले कप दोन..."
तो इस्त्री उभी करतो.
"थांबा. पुढचं नको."

शेवट सांगायचा नाही, एवढाच आमचा कायदा.
बी विंगचे खेडेकर एकदा पैसे मोजता मोजता
"मेहुणाच रे तो" बोलून गेले,
तर त्यांची लग्नाला जायची पँट
लग्न झाल्यावर मिळाली.

शिफारशी घड्यांमधून येतात.
कुर्त्याच्या खिशात, कॅलेंडरच्या फाडलेल्या पानावर,
तारखांच्या मागं:
'सहा भाग. जेवताना बघू नका.'
'पहिला भाग सोसा, मग गाडी उताराला लागते.'
'केरळातली आहे. भाषा कळली नाही, माणसं कळली.'
मी पुढच्या गठ्ठ्यात उत्तर खोचते:
'पोलीस खरा. वकील खोटा.
आणि त्या आईला उगाच रडवलंय.'

लहूला आमच्या इमारतीतलं सगळं ठाऊक असणार.
कुणाच्या खिशात कुठल्या हॉटेलची पावती राहिली,
कुणाची बाही खांद्याशी ओढून फाटली,
नोकरी सुटून तीन महिने झाले तरी
कोण रोज कडक इस्त्रीचा शर्ट घालून निघतो.
विचारलं तर पाणी शिंपडतो.
"कपडे बोलतात हो. आपण घडी घालायची."

गणपती झाल्यावर माझा गठ्ठा नवाचा चारावर आला.
बेचाळीस नंबरचे, निळ्या रेघांचे,
डाव्या खिशाशी पेनाचा डाग असलेले शर्ट
यायचे थांबले.
मी जबाब तयार ठेवला होता:
बदली, नागपूर, कंपनीचं घर, दिवाळीला येतील.
इतका गुळगुळीत की
कुठल्याही मालिकेत दुसऱ्याच भागात पकडले गेले असते.
लहूनं कपडे मोजले.
वहीत लिहिलं, चार.
आणि कोळसे फुंकायला वळला.

त्या आठवड्यात खिशात चिठ्ठी:
'यात कुणी मरत नाही.
एक बाई हरवलेली बकरी शोधते.
अकरा भाग आहेत. घाई करू नका.'

रात्री खिडकीत खाडीपुलाचे दिवे,
बाजूला आमटी गार,
आणि मी बकरीमागं डोंगर चढतेय.
ना पाळत, ना पिस्तूल.
ती दारोदार विचारते,
लोक आपलंच काहीतरी हरवलेलं सांगत बसतात,
ती ऐकून घेते, पुढं जाते.
नवव्या भागात दगडावर बसून भाकरी खाते.
पूर्ण भाकरी. वर कांदा.
एरवी मी असलं काही पुढं ढकललं असतं.

सोमवारी खाली गेले.
"कुठवर आलात?"
"दहा झाले."
"अकरावा?"
"ठेवलाय."

त्यानं माझी ओढणी टेबलावर पसरली,
चिमटीनं कडा सरळ केल्या.
"ठेवा की," म्हणाला,
"बकरी काय, आज नाय तर उद्या."
मग जीभ चावली,
"सापडते असं नाही म्हणालो हां मी."