व्यवसाय सुरू झाल्याची तारीख

बोरा बाजाराच्या आतल्या गल्लीत,
जिन्याखालच्या साडेचार बाय सहामध्ये
मी शिक्के करतो.
अध्यक्ष, खजिनदार, ‘खरी प्रत’, ‘रोख मिळाले’.
सगळं उलटं मांडायचं,
म्हणजे कागदावर सुलटं उमटतं.
बत्तीस वर्षांत डोळ्यांना अशी सवय
की पेपर वाचताना मधेच अडखळतो.

संस्थेचं माणूस ओळखू येतं.
गोल शिक्का मागतं,
आणि नोंदणी क्रमांकाची चिठ्ठी
पाकिटात नोटांच्या आतल्या कप्प्यात ठेवतं.

हेमांगी ठोसर आल्या तेव्हा चिठ्ठी घामानं ओली होती.
अँटॉप हिलला बहिऱ्या मुलांचा संध्याकाळचा वर्ग,
नाव ‘खूण’. विश्वस्त सात.
वरळीच्या धर्मादाय कार्यालयातून अर्ज तीनदा परत आला:
एकदा जागेच्या मालकाचं संमतीपत्र नाही म्हणून,
एकदा उद्देश फार मोठे लिहिले म्हणून,
तिसऱ्यांदा का, ते त्यांना अजून कळलेलं नाही.
“आता ऑडिट, दरसाल विवरणपत्र,
कोणी विश्वस्त गेला-आला तर फेरफार अहवाल,”
त्या बोटं मोडत म्हणाल्या,
बारशाला आलेल्या बाईनं
लसींच्या तारखा सांगाव्या तशा.

मग म्हणाल्या, “बिल द्या. पक्कं.”

मी बिलबुक काढलं.
त्यावर अण्णांचं नाव. प्रोप्रा. दि. ग. साटविलकर.
भिंतीवरच्या गुमास्ता लायसनवरही तेच,
काचेआड, हळदकुंकवाच्या ठिपक्यासकट.
अण्णांना जाऊन अकरा वर्षं झाली.
“हे तुम्ही?”
“वडील.”
“मग चेक कोणाच्या नावानं लिहू?”

आजवर कोणी विचारलं नव्हतं.
वकिलांच्या कारकुनांना बिल लागतं,
पण माणूस जिवंत आहे का, हे लागत नाही.

रात्री पुतणीनं मोबाइलवर अर्ज उघडला.
गाळा वारसानं मिळतो, काका, ती म्हणाली,
नोंदणी मिळत नाही. नवीनच करायची.
कामगार किती? शून्य.
जीएसटी? उलाढाल तेवढी कुठली.
पॅनवरचं नाव आणि आधारवरचं नाव
यांत एका ‘ळ’चा फरक, त्यावर अर्धा तास.
आणि मग तो रकाना:
व्यवसाय सुरू झाल्याची तारीख.

अण्णा सांगायचे, गिरगावातून खिळ्यांचा जुना पेटारा
हातगाडीवर घालून आणला तो दिवस.
शिमग्याच्या आधीचा मंगळवार.
साल कधी चौऱ्याहत्तर, कधी पंचाहत्तर.
रकान्यात शिमगा बसत नाही.
आणि तो दिवस माझाही नाही,
मी तेव्हा आईच्या कडेवर.
माझा कुठला म्हणायचा?
पहिल्यांदा एकट्यानं कुलूप उघडलं तो?
सुतक होतं, पण कोर्टाची ऑर्डर द्यायची होती.

शेवटी आजची तारीख टाकली.
पुतणी हसली. मी नाही.
सरकारच्या मते
मी काल काही करत नव्हतो.

चार दिवसांनी बाई शिक्का न्यायला आल्या.
कागदावर उठवून पाहिला,
मुलांच्या बोटांनीही घेतील, म्हणाल्या, शाईसकट.
मी नवीन बिलबुक उघडलं.
क्रमांक एक. गोल शिक्का, नग एक,
रुपये एकशे ऐंशी फक्त.
खाली सही केली.

“आणि शिक्का?” त्यांनी विचारलं.
मी फळीवर पाहिलं, खणात पाहिलं.
म्हटलं, उद्या या.