एक बदाम

दर मंगळवारी सात वाजता
सीत्स्काच्या स्वयंपाकघरात.
बंधाऱ्यापलीकडे समुद्र ओसरलेला असतो
किंवा भरलेला. आम्ही बघत नाही.

वीबे आणि हार्मन भिडू.
अकरा वर्षं झाली, एका होडीच्या विक्रीवरून
एकमेकांशी अवाक्षर नाही.
हार्लिंगनच्या धक्क्यावर समोरासमोर आले
तर एकजण उगाच दोर गुंडाळायला लागतो.
पण बोली म्हणजे काही बोलणं नव्हे,
असं दोघांनी ठरवलंय, न बोलताच.
"दोन किलवर."
"तीन बिनहुकूम."
एवढीच त्यांची ख्यालीखुशाली.

या हिवाळ्यात वीबे सात आठवडे आला नाही.
आला तो छाती उघडून, शिवून.
कोट काढायलाच केवढा वेळ.
सीत्स्कानं साखरपाव कापला.
मी पत्ते पिसले, वाटले, पास म्हटलं.

हार्मननं पानं लावली, मोडली, पुन्हा लावली.
"एक बदाम."
वीबे आपल्या पानांकडे बघत राहिला,
चहा निवेपर्यंत.
"चार."

डमी मांडून तो मागे टेकला.
तिसऱ्या फेरीला कळलं,
हार्मनकडे बदाम दोनच होते.
लागतात पाच. चाळीस वर्षं खेळणारा माणूस!
मी तोंड उघडणार, तोच सीत्स्कानं
टेबलाखाली माझा पाय दाबला.

चार हात कमी पडले.
मी वहीत आकडा लिहिला.
वीबेनं पत्ते गोळा केले, कडा जुळवल्या,
समोर सरकवले.
"वाट आता," म्हणाला.

ही बोली नव्हती.