दुसरं अंडं

एप्रिल सरत आला, तरी पहाटे पाण्यावर बर्फाची साय धरायची.
तेव्हाच क्रौंचीनं जागा धरली.
मागच्या वर्षीचीच. चार पावलं इकडे, इतकंच.
आधी चोचीनं चिखल उकरून पाठीला फासला,
राखाडी पिसं कुजक्या गवताची होईपर्यंत,
लपायला निघालेल्या बाईनं
दागिने उतरवून ठेवावेत तशी.
मग काडी, मग शेवाळ, पुन्हा काडी.
नर उभ्याउभ्या मागे फेकत राहिला, न बघता.

मी वहीत लिहिलं : अंडी दोन.
आणि हेल्डुरला फोन केला, यंत्र बंद ठेव.
तू चर बुजवलास तर पाणी हातभर चढेल एका रात्रीत.
"किती दिवस?"
तीस. वर एखाद-दुसरा.
त्यानं शिवी हासडली.
हा चर मीच खणलाय, म्हणाला, विसाव्या वर्षी,
मॉस्कोच्या हुकमानं, पीट सुकवायला.
आता बुजवायला टाल्लिनचं पत्र हातात आहे
आणि सही राहिली ती पाखराची?
पण किल्ली त्यानं खिशात टाकली.

भाऊ आहे माझा. आम्ही फारसं बोलत नाही.
माझं नाव वाइके. आमच्या भाषेत
त्यात शांतताच आहे.

मेमध्ये तो येऊ लागला, डासांना शिव्या देत,
राईचा पाव आणि खारवलेले मासे घेऊन.
फळ्यांच्या आडोशात आम्ही गुडघ्याला गुडघा लावून बसायचो.
समोर पाळी बदलायची :
एक उठायचा, दुसरी वाकून
अंडी हलकेच फिरवायची,
झोपलेल्या पोराची कूस बदलावी तशी,
मग पाय दुमडत, दुमडत, खाली.

तिसाव्या दिवशी पहिलं पिल्लू.
दुपारपर्यंत ते बापामागे लव्हाळ्यात निघूनही गेलं.
आई हलली नाही. पोटाखाली दुसरं अंडं
आतून ठोकत होतं.

"वेगळी का करतात?"
एकत्र राहिली तर टोचतात एकमेकांना.
कधी मरेपर्यंत.

हेल्डुरनं दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही.
"मला आईनं नेलं," तो म्हणाला, "तुला बाबांनी.
आपण तर भांडतही नव्हतो."

मी पाव मोडला. तुकडे सारखे झाले नाहीत.
मोठा त्याच्याकडे सरकवला.
अजून दोन दिवस लागतील, म्हटलं.

"चार घे," तो म्हणाला.