चौथा भाग

पार्सल माझ्याच नावाचं होतं,
म्हणून मीच नोंदवलं, मीच शिक्का मारला,
मीच सही करून मीच ताब्यात घेतलं.
तीनशे दहा ग्रॅम.
दर्यापूरची थैली सुतळीने बांधून ठेवली
आणि शाखा डाकघराचं अर्धं दार लोटून
सत्तेचाळिसाव्या वर्षी, चाळिशी नाकावर ओढून
पुन्हा गेले सात बुरुजांच्या देशात.

पहिले तीन भाग उन्हाळ्यातच काढले होते पेटीतून.
त्यांच्यावर शाळेचा जांभळा शिक्का: परत करावे.
केले नाहीत.
नकाशाचं उत्तर टोक झुरळांनी खाल्लंय,
तिकडे तसंही कोणी जात नव्हतं.

केवढी घाई होती तेव्हा!
तलवार म्यानातून निघाली की पान उलटायचे.
आता नावाड्यापाशी अडते.
दोनच ओळी त्याच्या वाट्याला:
इरावाला पैलतीरी सोडतो, पैसे घेत नाही, परत फिरतो.
त्या काळोखात एकटा कसा गेला असेल?
आणि इरावाची आई,
पहिल्या पानावर "लवकर ये" म्हणते,
मग तीन भाग लेखकाला तिची आठवणच होत नाही.
चौदा वर्षांची पोर, घोड्यावर, परमुलखात.
मी पेन्सिलीने समासात लिहिलं:
भाकर कोणी बांधून दिली?

मीठराणी म्हातारी होती, मला पक्कं आठवत होतं.
परवा वय बघितलं. अडतीस.
माझ्या धाकट्या जावेएवढी.

तिचं आम्हाला नवल नव्हतं म्हणा.
ती बोट बुडवी त्या विहिरीचं पाणी खारं होई.
हे आमच्या गावाने वाचायच्या आधीच प्यायलेलं.
डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही;
पूर्णेच्या दोन्ही काठांनी ती चालत गेली असणार.
चंदा गुल्हानेने तर तिची पावलंही दाखवली होती मला,
धुऱ्यापाशी फुललेल्या पांढऱ्या खारीत.

चौथा भाग शाळेत नव्हता.
चंदाने वाचला होता, अकोल्याला, आत्याकडे.
टँकरच्या रांगेत, पालथ्या गुंडावर बसून
तिने तो सांगितला, रोज थोडा, मे महिनाभर.
इरावा समुद्राखाली उतरते.
तिथे राणी एकटी, ओल्या लाकडांची चूल फुंकत बसलेली.
इरावा भाला खाली ठेवते आणि विचारते,
"जेवली का व?"
राणी रडते. आसवं गोडी निघतात.
एवढ्यात टँकर आला.

छापील चौथ्या भागात
घोडा पान एकतीसवर मरतो, अर्ध्या ओळीत.
राणीला बाण लागतो, तिची लाट होते,
राजधानीत नगारे वाजतात.
चूल नाही.
कोणी कोणाला जेवणाचं विचारत नाही.
पुस्तक वाईट नाही. वाक्यं नीट, कागद जाड.
मी शेवटपर्यंत वाचलं, मग पुन्हा चाळलं,
न जाणो, मधली दोन पानं चिकटलेली असतील.

आज दुपारी सुरतेला फोन लावला.
"चंदे, तू चौथा भाग वाचलाच नव्हता न?"
आधी कुकरची शिट्टी.
मग हसू, तेच, नाकातून निघणारं.
"कुठचा वाचतो व माय!
अकोल्याले मले आत्याच नोती."

मग घोडा? मी विचारलं.
टँकर आला तेव्हा तो किनाऱ्यावर उभा होता,
लगाम कोणाच्याच हातात नव्हता.
तेहतीस वर्षं झाली.

"हाव न," ती म्हणाली, जरा थांबून.
"धर फोन. गॅस बंद करून येतो."

फोनमध्ये भांडं सरकलं,
नळ सुटला, बराच वेळ वाहिला.
बाहेर थैली न्यायला मोटरसायकल आली,
पोराने दोनदा हॉर्न दिला.
मी खिडकीतून हात दाखवला:
थांब म्हणून.